साडूची लेबलं

माझ्या साडूचा मला हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अंगाचा तिळपापड व्हायचा. लोक साडूच्या बंगल्यावर जळतात, मोटारीवर जळतात. आमच्या लक्ष्मणकडे यातलं काहीच नव्हतं. मी जळायचो ते त्याच्या बाटल्यांवरच्या लेबलांवर. हसा, खुशाल हसा. पण आधी ऐकून तर घ्या.

मी जव्हारच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होतो. शाळेला अकरावी-बारावीचे विज्ञानाचे वर्ग जोडलेले होते, तिथली लॅब माझ्या ताब्यात. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं तयार ठेवायची, स्पिरिटच्या दिव्याची वात बघायची, फुटलेल्या काचा गोळा करायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्या बाटलीत काय आहे हे कुणीही आलं तरी त्याला दिसेल अशी लेबलं लावून ठेवायची. पाहुणे आले की माझी बायको सुमन मोठ्या तोऱ्यात सांगायची, "हे लॅबमध्ये असतात." पाहुण्यांना वाटायचं मी रक्त तपासतो. एका मामांनी तर चहा पिता पिता बाही वर केली होती.

लेबलाचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रसायनांच्या कपाटापुढे उभं राहावं. निम्म्या बाटल्यांत पांढरी भुकटी. एकीत जेवणात घालतो ते मीठ, शेजारणीत नवसागर, तिच्या पलीकडे बेरियम क्लोराइड, म्हणजे सरळ विष. दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. चव घेऊन बघायची सोय नाही. हुंगूनही उपयोग नाही. तो बोटभर कागद काय सांगेल त्यावर सगळा भरवसा. कागद गळून पडला की बाटली मुकी झाली, आणि मुकी बाटली ओतून द्यायची असा नियम. ओतून दिली की मागणीपत्र, मागणीपत्र केलं की वरून विचारणा : संपलं कसं?

आणि हे सगळं जव्हारला. आमच्याकडे पावसाळ्यात काडेपेटी पेटत नाही. खुंटीवरची शर्टं बुरशीने पांढरी होतात, वह्यांची पानं फुगतात, भिंतीला हात लावला तर हात ओला. अशा हवेत खळीने लावलेला कागद काचेवर चार महिने टिकवायचा, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळायची नाही. आधी कोपरे उठतात. मग एक कड सुटते. मग एक दिवस तुम्ही कुलूप काढून आत येता आणि फळीवर लेबलं पडलेली असतात, बाटल्या उघड्या.

एका जुलैत अशीच पडली. झाडायला येणाऱ्या बाई भल्या स्वभावाच्या. त्यांनी सगळी उचलली आणि आपल्या समजुतीने एकेका बाटलीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या चौरे सरांनी मुलांना क्षार ओळखायला दिला. अख्ख्या वर्गाचं उत्तर चुकलं. सर पोरांवर खेकसले, पोरं रडकुंडीला आली, मग सरांनी स्वतः करून बघितलं आणि त्यांचंही उत्तर पोरांसारखंच आलं. त्यानंतर सर माझ्याकडे वळले. तो दिवस मी विसरायचा प्रयत्न करतो.

लक्ष्मणला नोकरी मीच लावली. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या दुखण्याचं मूळ तिथं आहे. सुमनची धाकटी बहीण कुसुम त्याला दिलेली. वावर गावाच्या पलीकडे वांगणीला त्यांची थोडी वरकस, डोंगरउताराची जमीन, नागली-वरई पिकायची. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं, माणसं कामाला भिवंडी-ठाण्याकडे. लक्ष्मण बारावी झालेला, पण घरीच बसून. सुमन रोज माझ्या मागे लागायची, "भावजींचं काहीतरी बघा हो, कुसुमला बघवत नाही." त्याच सुमाराला आमच्या संस्थेने मोखाड्याच्या शाळेतही विज्ञानाचे वर्ग काढले. परिचर हवा होता. मी चौरे सरांना गळ घातली, सरांनी वर शब्द टाकला, आणि लक्ष्मण लागला. सुमनने त्या दिवशी मला दुसऱ्यांदा गूळ-तूप वाढलं.

पुढच्या पावसाळ्यात चौरे सर परीक्षेच्या कामाला मोखाड्याला जाऊन आले. आल्या आल्या म्हणाले, "तुमच्या साडूची लॅब बघितली. अहो, ऑगस्ट महिना आणि एक लेबल हललेलं नाही! काय करतो काय तो?"

मी म्हटलं, "नवीन आहेत सर, नवीन सगळंच चिकटतं." पण पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर जीप धरली आणि मोखाड्याला गेलो. लक्ष्मणने मोठ्या आनंदाने कुलूप काढलं. मी बघतच राहिलो. एका ओळीत, एका उंचीवर, सगळी लेबलं काचेला अशी बसलेली की जणू काच तशीच बनून आली आहे. एकही कोपरा वर नाही, आत हवेचा फुगा नाही. ॲसिडच्या बाटल्यांचीसुद्धा पांढरी! ॲसिडच्या वाफेने कागद तपकिरी पडतो, शाई उडते, हे मी पोरांना शिकवायचो. वर त्याचं अक्षर मोत्यासारखं. तो बाहेर पाणी आणायला गेला तेव्हा मी एका लेबलाच्या कडेला नख घालून बघितलं. नख वाकलं.

"लक्ष्मणराव," मी शक्य तितक्या सहज विचारलं, "कशाने चिकटवता?"

"काय नाय साडूभाऊ, खळच हाय. मैद्याची. तुमीच सांगितलेली."

"त्यात काय घालता?"

"मोरचूद, चिमूटभर. झुरळं खात नाय मंग. ते बी तुमीच सांगितलं."

"आणि?"

तो जरासा हसला. "मे महिन्यात या ना एकदा, मंग दावतो."

मला राग आला. आत्ता ऑगस्टात विचारतोय तर मे महिन्यात या म्हणतो! टाळण्याची ही पण एक रीत. शिवाय मे महिन्याचं नाव त्याने काढावं? आम्ही दोघंही तात्पुरते. जूनमध्ये नवीन ऑर्डर, एप्रिल संपला की घरी. मे महिन्यात आम्हाला पगारच नसायचा, आणि पगार नाही त्या महिन्यात शाळेचं तोंड बघायचं नाही असा माझा बाणा होता. मे म्हणजे लग्नं, आंबे, नातेवाईक. परतीच्या जीपमध्ये मी मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस आतल्या गाठीचा आहे.

घरी वेगळाच ताप. कुसुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही लक्ष्मणने लेबलं लावून दिली होती. हळद, तिखट, धने, जिरे. सुमन ते बघून आली आणि मला म्हणाली, "तुम्हीपण लॅबमध्येच असता ना?" मी रविवारभर बसून आमच्या डब्यांना लावली. फोडणीची वाफ आणि तेलकट हात, आठवडा टिकली नाहीत. तिखटाचं लेबल आमटीत सापडलं तेव्हा सुमनने ते चमच्याने उचलून माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता एक सांगतो, काम मला येत नव्हतं असं नाही. बाटली आधी धुण्याच्या सोड्याने धुवायची, कारण काचेवर बोटांचा तेलकटपणा असतो आणि तेलावर खळ धरत नाही. धुतल्यावर लेबलाच्या जागेला परत बोट लावायचं नाही. कागद पातळ घ्यायचा, जाड कागद सरळ व्हायला बघतो. तो हातात धरून वाकवून बघायचा. प्रत्येक कागद एका बाजूने सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूने ताठरतो, तेव्हा बाटलीभोवती तो सहज वळेल असाच कापायचा. चारी कोपरे कात्रीने गोल करायचे, कारण टोकदार कोपरा आधी उठतो. खळ पातळ लावायची, जास्त लावली की जास्त धरते हा अडाण्यांचा समज आहे. मग मधून कडेकडे फडक्याने दाबत हवा काढायची. वाळलं की मेणबत्ती वितळवून ब्रशने वरून मेणाचा हात द्यायचा, तो कागदाच्या कडेच्या थोडा बाहेर काचेवर गेला पाहिजे, म्हणजे दमट हवेला आत शिरायला फट राहत नाही. आणि ओतताना लेबल तळहाताकडे धरायचं, म्हणजे थेंब ओघळला तरी दुसऱ्या अंगाने ओघळतो. हे सगळं मी करत होतो. मीच लक्ष्मणला शिकवलं होतं. तरी माझी पडत होती आणि त्याची राहत होती. सांगा, जळू नको तर काय करू?

त्यातच बातमी आली. दोन्ही शाळा मिळून परिचराची एक जागा मंजूर झाली. एकच. ज्याला मिळेल तो कायम, त्याच्याकडे दोन्ही लॅब. दुसऱ्याला जूनची ऑर्डर नाही. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, दोघांचं काम श्रावणात येऊन बघू, मग नाव कळवू.

माझी दोन्ही मुलं तेव्हा शाळेत. दर एप्रिलला घरी बसणं मला नको झालं होतं. मला कायम व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. आणि आडवा कोण, तर मीच आणून बसवलेला माझा साडू! घरात सुमनचे हाल. देवापुढे हात जोडायची तेव्हा मी विचारायचो, "कुणासाठी मागतेस?" ती म्हणायची, "दोघांसाठी." मी म्हणायचो, "जागा एक आहे." ती दिवा लावून निघून जायची.

मी डोकं लढवलं. माझ्या लक्षात आलेलं होतं की उन्हाळ्यात खळ कडक होते, तडकते, आणि कागद पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे खळ लवचिक राहायला हवी. माझे काका गवंडीकाम करायचे. जुन्या भिंतींच्या चुन्यात ते गूळ घालायचे, म्हणायचे गुळाने चुना मऊ राहतो आणि धरतो. झालं, मला वाटलं सापडलं! लक्ष्मण गूळच घालत असणार आणि सांगत नसणार. जून उजाडल्यावर मी खळीत गूळ किसून घातला आणि सगळ्या लॅबची लेबलं नव्याने लावली. काय बसली म्हणता! काचेला घट्ट, चकचकीत. चौरे सर म्हणाले, "वा." किती दिवसांनी ते 'वा' माझ्या वाट्याला आलं होतं.

जुलै बरा गेला. श्रावण लागला आणि गूळ हवेतलं पाणी प्यायला लागला. लेबलं हाताला चिकट लागू लागली. मेणाच्या कडा उचलल्या. आणि मग मुंग्या. पहिल्या दिवशी एक रांग, दुसऱ्या दिवशी कपाटभर. मी राख टाकली, हळद टाकली, कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. छतावरून आल्या. त्यांना मोरचूद नको होतं, त्या तेवढं सोडून गूळ नेमका काढून नेत होत्या. अशी हुशारी आमच्या बारावीच्या वर्गात कुणाकडे नव्हती.

अध्यक्ष समिती घेऊन आले त्या दिवशी धो धो पाऊस. ते सकाळी मोखाडा करून आले होते, चेहरे प्रसन्न. अध्यक्ष कपाटापुढे उभे राहिले. एक लेबल त्यांच्या देखत हळूच घसरलं आणि फळीवर पडलं. त्यावर मुंग्या होत्याच.

"यात काय आहे?" त्यांनी बाटली उचलली.

"नवसागर, साहेब."

"कशावरून?"

मी लेबल उचलून दाखवलं. त्याच्या मागच्या बाजूने एक मुंगी त्यांच्या बाहीवर गेली.

मग त्यांनी जीवशास्त्राच्या बरण्या बघितल्या. फॉर्मॅलिनमधला एक साप, बाहेरचं लेबल मुंग्यांनी नेलेलं. "हा कोणता?" मी म्हणालो घोणस. त्याच क्षणाला मागून जीवशास्त्राच्या बाई म्हणाल्या, अजगराचं पिल्लू. साप बिचारा आत वेटोळं घालून होता, त्याने काय सांगावं? बरणीच्या आतही पेन्सिलने लिहिलेली एक चिठ्ठी टाकायची असते, ती माझ्या आधीच्या माणसाने टाकली नव्हती. हे मी सांगायला गेलो तर अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या. तुम्ही एकदा मोखाड्याला जाऊन बघून या. शिकण्यासारखं आहे." आणि ते चहाला निघून गेले.

मोखाड्याला जाऊन शिका! मी ज्याला कात्री धरायला शिकवली त्याच्याकडे! त्या दिवशी मी लॅबमध्ये एकटाच बसून राहिलो आणि पडलेली लेबलं गोळा करत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. जागा गेली हे मला कळून चुकलं होतं, पण जास्त ठसठसत होतं ते हे की ती लेबलांपायी गेली.

पण तसं झालं नाही. संस्थेने नाव पाठवलं लक्ष्मणचं. वरच्या कार्यालयातून उत्तर आलं की सेवाज्येष्ठता बघावी, आधी लागलेला तो आधी. मी लक्ष्मणच्या आधी लागलेला. जागा माझ्या पदरात पडली. इतक्या लेबलांची, मुंग्यांची, सापांची कुणी साधी दखल घेतली नाही.

लक्ष्मण स्वतः किल्ल्या द्यायला घरी आला. बरोबर कुसुम. त्याने माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला, वर पेढ्यांचा पुडा. "बरं झालं साडूभाऊ, जागा घरातच राहिली." असं म्हणाला तो. मला वाटलं टोमणा असेल, मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. टोमणा नव्हता. सुमन आणि कुसुम आत चुलीपाशी गळ्यात गळे घालून रडत होत्या. नोकरी मला लागलेली आणि घरात सुतक. मी पेढा खाल्ला. त्याच्या जागी मी असतो तर असं पेढे घेऊन येता आलं असतं का, हा विचार डोक्यात आला आणि मला परत त्याचा रागच आला. हरला तरी मोठेपणा तोच घेऊन गेला.

तो बोईसरला एका कारखान्यात लागला. मी एक दिवस जव्हार, एक दिवस मोखाडा, असा जीपच्या टपाला लोंबकळत फिरू लागलो.

मोखाड्याचा शिपाई काशिनाथ. त्याला मी एकदा सहज म्हटलं, "लक्ष्मणरावांनी खळीत काय घातलं ते काही शेवटपर्यंत सांगितलं नाही."

काशिनाथ म्हणाला, "खळीत काय नव्हतं. ते मे महिन्यात येयाचे."

"मे महिन्यात? सुट्टीत?"

"दर साली. वांगणीवरून चालत येयाचे, माझ्याकडून किल्ली घेयाचे. समद्या बाटल्या धुवून त्या खिडकीत उन्हात मांडायचे. काच तापली का लेबल लावायचे. मंग आठ-आठ दिस तसंच ठेवायचे, मंग मेण. पावसाच्या आधी समदं खडखडीत वाळलेलं. तुमाला बोलावलं व्हतं ना त्यांनी? मला म्हणले व्हते, साडूभाऊ येतील मे महिन्यात, चहा ठेव."

मी स्टुलावर बसलो. किती साधी गोष्ट! मी लेबलं लावायचो जूनमध्ये, ऑर्डर हातात पडल्यावर. भिंती ओल्या, काच ओली, कागद ओला. खळ वाळल्यासारखी दिसायची, वाळलेली कधीच नसायची, आणि वरून मी मेण लावून ती ओल आत कोंडून टाकायचो. त्याने उन्हाळा आत कोंडला होता. बिनपगारी. माझा बाणा मला केवढ्याला पडला ते तेव्हा कळलं. आणि तो लपवत नव्हता, चहासुद्धा सांगून ठेवला होता, हे कळल्यावर तर त्याच्यावर धड चिडायचीही सोय राहिली नाही.

त्यानंतर मी दर मे महिन्यात लॅबमध्ये जायला लागलो. सुमनने पहिल्या वर्षी विचारलं, "लग्नाला नाही यायचं?" मी म्हटलं, "काम आहे." उन्हात बाटल्या मांडल्या, तापू दिल्या, लावल्या, वाळवल्या. माझीही लेबलं पावसाळा काढायला लागली. एक पावसाळा, दोन, तीन. चौरे सर निवृत्त होताना भाषणात म्हणाले की आमच्या लॅबसारखी लॅब तालुक्यात नाही. टाळ्या पडल्या. माझं लक्ष मात्र मोखाड्याच्या कपाटाकडे, कारण लक्ष्मणची जुनी लेबलं अजून तशीच होती. माझं तीन वर्षांचं, त्याचं सहा. माझं सहाचं होईपर्यंत त्याचं नऊ. तो शर्यतीत नव्हताच, बोईसरला होता, आणि तरी दर वर्षी पुढे.

दोन हजार सालानंतर तयार स्टिकर आले. मागचा कागद सोलला की काम झालं. चौरे सरांच्या जागी आलेल्या नवीन मॅडमना कॉम्प्युटरवर छापलेली लेबलं हवी होती, एकसारखी. मी लावली. पहिल्याच पावसाळ्यात त्यांचा चीक कडेने बाहेर आला, त्यात धूळ बसून काळी चौकट तयार झाली आणि शाई पसरली. काचेचा गुणच असा, की गार पडली तर तिला घाम येतो, आणि घामावर कितीही महागाचा स्टिकर लावा, तो उठणारच. मॅडमना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि आम्ही दोघांनी मे महिन्यात ते परत लावले, तेव्हा राहिले. जुनी लेबलं काढून टाका म्हणाल्या. माझी बरीचशी मी गरम पाण्याने काढली. लक्ष्मणची काढायला घेतली, दोन बाटल्या घासल्या आणि ठेवून दिल्या. हाताने होईना की मनाने, ते मला विचारू नका. मॅडमना म्हटलं, निघत नाहीत.

पुढे मोखाड्याच्या वर्गात मुलं मिळेनात, तो विज्ञान विभाग बंद झाला. तिथलं सामान जव्हारला आलं. त्याच्या बाटल्या माझ्या फळीवर, माझ्या बाटल्यांच्या मध्ये येऊन बसल्या. आता तर रोज समोर.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, जूनमध्ये, लक्ष्मण आला. लग्नाकार्यात भेटायचो, पण लॅबमध्ये तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा येत होता. कारखाना बंद पडल्यावर तो वांगणीला परतला होता आणि त्याने मोगरा लावला होता. त्याच्या धाकट्या मुलीचा अकरावी विज्ञानाला प्रवेश घ्यायचा होता. ती कार्यालयात रांगेत उभी होती. मी त्याला म्हटलं, "चला, लॅब बघा." खरं सांगतो, मला तो क्षण हवा होता. त्याने फळीकडे बघावं, स्वतःची ओळखावीत, माझी बघावीत, आणि एकदा तरी म्हणावं की साडूभाऊ, आता तुमची आणि माझी सारखीच.

तो आत आला. अंगाला मोगऱ्याचा वास. हात मागे बांधून कपाटासमोर फिरला आणि एका बाटलीपाशी थांबला. नायट्रिक ॲसिडची जुनी बाटली.

"काय झ्याक बसलंय हो हे!" तो वाकून बघत म्हणाला. "एवढं ॲसिड, आन् कागद बगा कसा. तुमचा हात पयल्यापासून चांगला, साडूभाऊ. मी लोकांना सांगतो, माझ्या साडूसारखं लेबल कुणी लावत नाय."

मी म्हणालो, "हे तुमचं आहे."

"माझं?"

"तुमचं. मोखाड्याचं. अक्षर बघा."

त्याने परत बघितलं. आठवायचा प्रयत्न केला, तेही दिसलं मला. मग हसून म्हणाला, "असंल बा. माझं अक्षर एवढं चांगलं व्हतं? काय ध्यानात नाय." आणि लगेच, "साडूभाऊ, यंदा कळ्या लय निघाल्या. पाट्या भरून जीपने धाडतो. तुमी या एकदा वहिनींना घेऊन, पहाटे तोडणीला. बगाल तर येडे व्हाल."

मुलगी दारात येऊन उभी राहिली, तिचं यादीत नाव लागलं होतं. तो तिच्या डोक्यावर हात ठेवत निघून गेला. बाटल्यांकडे त्याने मागे वळूनही बघितलं नाही.

मी तिथंच उभा. ज्या माणसाच्या जागेवर मी आयुष्य काढलं, ज्याच्या कागदांवर मी इतके पावसाळे जळलो, तो केव्हाच सगळं सोडून मोकळा झाला होता. जागा गेली तीही त्याच्या लक्षात नव्हती, लेबलंही नव्हती. माझी मात्र एकेक बाटली पाठ. आयुष्यात पुष्कळ हेवा केला, पण त्या सकाळी त्याच्या त्या विसरण्याचा जो हेवा वाटला, तसा कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी घरी गेलो. सुमनने चहा पुढे ठेवला. "भावजी आले होते ना लॅबमध्ये? काय म्हणाले?"

मी म्हटलं, "म्हणाला, साडूभाऊंसारखं लेबल कुणी लावत नाही."

"अगं बाई!" तिला खरंच आनंद झाला. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मग तोंड का असं पाडून बसलात?"